लेट्रोझोल, क्लोमिफेन की इंजेक्शनं? हार्मोन ट्रीटमेंटची तुलना करायची ती अशी

पाळीच्या दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेले, गोळ्यांचं पाकीट घेऊन घरी आले आणि संध्याकाळी सासूबाईंनी चष्मा लावून त्यातला घडी घातलेला कागद वाचायला घेतला. "अगं, इथं तर स्तनाच्या कॅन्सरचं लिहिलंय, तुला नक्की काय झालंय?" त्यांचा हात थरथरत होता आणि मला काही सांगताच येईना, कारण मला डॉक्टरांनी एवढंच सांगितलेलं की अंडं तयार व्हायची गोळी आहे, पाच दिवस घ्या आणि नवव्या दिवशी सोनोग्राफीला या. ती गोळी लेट्रोझोल होती, मूल व्हावं म्हणून दिलेली. त्या रात्रीपासून मी एक दोनशे पानी वही केली आणि पुढची चार वर्षं जे औषध हातात पडेल त्याची माहिती विचारून विचारून त्यात लिहिली. आता ओळखीतल्या मुली मला फोन करतात, "तुला कुठली दिलेली, मला वेगळीच दिलीय, माझी कमी पॉवरची आहे का?" म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, डोस ठरवणं हे त्यांचंच काम, पण समोरच्या खुर्चीत बसून काय विचारायचं हे मात्र आपल्याला कळायला हवं.

माझं शेवटी कुठल्या औषधाने झालं हे मी मुद्दाम लिहीत नाहीये. ते वाचलं की लोक जाऊन तेच औषध मागतात, आणि तुलना करताना सगळ्यात मोठी चूक होते ती हीच. "सगळ्यात चांगलं औषध कुठलं" हा प्रश्नच अर्धवट आहे, त्याच्यापुढे "कोणासाठी" हा शब्द लावला की मगच त्याला उत्तर असतं.

आधी औषध शरीरात कुठे काम करतं ते बघा

थोडक्यात सांगते. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी आहे, ती एफएसएच हे हार्मोन सोडते, त्याने अंडाशयात फॉलिकल वाढतं, म्हणजे अंडं असलेली पाण्याची छोटी पिशवी. फॉलिकल वाढलं की त्यातून इस्ट्रोजेन निघतं, त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं आणि मेंदूलाही कळतं की आता एफएसएच पुरे. मग पिट्युटरीतूनच एलएच या दुसऱ्या हार्मोनची मोठी लाट येते, फॉलिकल फुटतं, अंडं बाहेर पडतं, आणि उरलेल्या पिशवीतून प्रोजेस्टेरॉन तयार होतं जे अस्तर धरून ठेवतं.

आता औषधं या साखळीवर बसवून बघा. क्लोमिफेन मेंदूला इस्ट्रोजेन दिसू देत नाही. लेट्रोझोल इस्ट्रोजेन तयार होणंच काही दिवस कमी करतं (स्तनाच्या काही कॅन्सरना इस्ट्रोजेन पोसतं म्हणून तिथेही हेच औषध, कागदावर जे लिहिलंय ते खरं आहे पण आपल्याला ते पाचच दिवस आणि वेगळ्या कारणासाठी असतं). दोन्हींचा परिणाम एकच, मेंदूला वाटतं इस्ट्रोजेन कमी पडतंय आणि तो स्वतःहून जास्त एफएसएच सोडतो. इंजेक्शनं म्हणजे एचएमजी (यात एफएसएच आणि एलएच दोन्हींचं काम असतं) किंवा नुसतं एफएसएच, ती मेंदूला विचारतच नाहीत, थेट अंडाशयाला हुकूम. ट्रिगरचं इंजेक्शन म्हणजे एचसीजी, ते एलएचच्या लाटेचं काम करतं. आणि नंतरच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या शेवटच्या टप्प्यासाठी. म्हणजे "मला ट्रिगर दिला आणि तिला लेट्रोझोल दिलं" ही तुलनाच होत नाही, ती एकाच प्रवासातली वेगवेगळी स्टेशनं आहेत. तुलना होते ती लेट्रोझोल, क्लोमिफेन आणि इंजेक्शनं यांच्यात, कारण तिघांचं काम एकच, फॉलिकल वाढवणं.

तुलना करायच्या आधी हे रिपोर्ट हातात हवेत

नवऱ्याची सीमेन टेस्ट. हे मी पहिलं लिहितेय कारण माझ्या बाबतीत हे शेवटी झालं. पहिल्या डॉक्टरांकडे मी सहा महिने क्लोमिफेन खाल्लं, दर महिन्याला चार-चार वेळा सोनोग्राफीला धावले, ऑफिसात अर्धी रजा टाकून टाकून रजा संपल्या, आणि त्या सहा महिन्यांत कोणी एकदाही म्हणालं नाही की यजमानांचा रिपोर्ट आणा. मीही विचारलं नाही, घरात तो विषय काढायचाच अवघडलेपणा होता. दोन ते सात दिवसांचा गॅप ठेवून एक सॅम्पल द्यायचा, एवढीच टेस्ट आहे ती. तो रिपोर्ट खराब असेल तर बायकोला कितीही अंडी तयार करून काय उपयोग.

मग थायरॉइडची टीएसएच आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) या रक्ताच्या टेस्ट. या दोघांपैकी काही बिघडलेलं असलं तर पाळी आणि ओव्ह्युलेशन (अंडं बाहेर पडणं) दोन्ही बिघडू शकतं, आणि तेव्हा खरं औषध थायरॉइडसाठी थायरॉक्सिन किंवा प्रोलॅक्टिनसाठी कॅबरगोलिन असतं. थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या त्यानंतर चार तासांनी, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. प्रोलॅक्टिन वाढलेलं आलं तर घाबरून लगेच गोळी सुरू करू नका, आधी डॉक्टरांना सांगा की तुम्ही ॲसिडिटीची कुठली कॅप्सूल घेताय, कारण आपल्याकडच्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं आणि त्यांनी प्रोलॅक्टिन वाढतं. माझ्या मावसबहिणीचं अगदी हेच झालेलं, कॅप्सूल बंद केली आणि पुढचा रिपोर्ट नॉर्मल आला.

ट्यूब उघड्या आहेत का ते बघायची एचएसजी, ती दुखते, खोटं कशाला सांगू, पण दोन्ही ट्यूब बंद असतील तर गोळ्या न् आययूआय (नवऱ्याचे शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडणं) दोन्ही वाया जातात. आणि एएमएच. त्यातून अंडाशयात साठा अंदाजे किती उरलाय आणि औषधाला तो कसा प्रतिसाद देईल एवढं कळतं, अंड्याची क्वालिटी नाही कळत आणि नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही तेही नाही कळत. एएमएच कमी आलं म्हणून रडत बसलेल्या मुली मी वेटिंग रूममध्ये बघितल्यात, त्यांना हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आता खरी तुलना

अमेरिकेतले दोन मोठे अभ्यास आहेत आणि ते शेजारी शेजारी ठेवले की सगळा मुद्दा लक्षात येतो. २०१४ चा पहिला, त्यात पीसीओएस (आपण ज्याला पीसीओडी म्हणतो ते) असलेल्या ७५० बायका होत्या, म्हणजे ज्यांचं अंडं वेळेवर तयारच होत नव्हतं. निम्म्यांना लेट्रोझोल, निम्म्यांना क्लोमिफेन, जास्तीत जास्त पाच सायकल, म्हणजे पाच पाळ्यांचे महिने. लेट्रोझोलवाल्या २७.५ टक्के बायकांना बाळ झालं, क्लोमिफेनवाल्या १९.१ टक्के. त्यानंतर जगभर पीसीओएसमध्ये लेट्रोझोल पहिलं औषध झालं, २०१८ आणि २०२३ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्येही तेच आहे.

दुसरा २०१५ चा. यात ९०० जोडपी, पण यांचं सगळं नॉर्मल, पाळी वेळेवर, ट्यूब उघड्या, सीमेन ठीक आणि तरी दिवस राहत नव्हते, ज्याला डॉक्टर अनएक्सप्लेन्ड म्हणतात. यांना औषध अधिक आययूआय अशा चार सायकलपर्यंत दिल्या. इथे बाळ झालं ते लेट्रोझोलवाल्या १८.७ टक्के, क्लोमिफेनवाल्या २३.३ टक्के आणि इंजेक्शनवाल्या ३२.२ टक्के. बघा, त्याच दोन गोळ्या पण क्रम उलटा! म्हणून पीसीओडीवाल्या मैत्रिणीला लेट्रोझोल दिलं आणि तुम्हाला क्लोमिफेन दिलं तर डॉक्टर जुन्या जमान्यातले आहेत असं लगेच ठरवू नका, आधी विचारा की माझं निदान काय लिहिलंय.

इंजेक्शनचे ३२ टक्के बघून लगेच इंजेक्शन मागायला जाल तर थांबा, त्याच अभ्यासातला पुढचा आकडा वाचा. जितक्या जणींना दिवस राहिले त्यांत जुळी-तिळी किती, तर क्लोमिफेनमध्ये ९ टक्के, लेट्रोझोलमध्ये १३ टक्के आणि इंजेक्शनमध्ये ३२ टक्के. गोळ्यांमध्ये सगळी जुळीच होती, इंजेक्शनमध्ये तिळीसुद्धा, ३४ पैकी १० वेळा. "बरं झालं की, एकदमच दोन होतील, सुटलो" असं म्हणणारे नातेवाईक सगळ्यांच्या घरात असतात, पण जुळी बऱ्याचदा वेळेआधी जन्मतात, काचेच्या पेटीत राहतात, आईचं बीपी वाढतं, तिळ्यांचं तर बोलायलाच नको. हा आकडा यशाच्या आकड्याइतकाच मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

लेट्रोझोलची भीती आणि तिची गोष्ट

मेडिकलवाले अजूनही कधी कधी म्हणतात, "ताई, ही गोळी तर बॅन होती ना?" होती. भारतात ऑक्टोबर २०११ मध्ये वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरायला बंदी आली आणि २०१७ मध्ये ती उठली. बाळात व्यंग येतं अशी शंका २००५ मध्ये कॅनडात एका परिषदेत मांडलेल्या छोट्या निरीक्षणातून निघालेली. पुढच्याच वर्षी कॅनडामध्येच ९११ बाळांचा हिशोब मांडला गेला, त्यात व्यंगाचं प्रमाण लेट्रोझोलमध्ये २.४ टक्के आणि क्लोमिफेनमध्ये ४.८ टक्के निघालं, म्हणजे भीती वाटावी असं काही सापडलं नाही. शिवाय लेट्रोझोल शरीरातून लवकर निघून जातं, फॉलिकल फुटेपर्यंत जवळपास संपलेलं असतं. हे सगळं मी सासूबाईंना वहीतून वाचून दाखवलं तेव्हा कुठे त्या रात्री झोपल्या. एक मात्र पक्कं, दिवस राहिलेले असताना ही गोळी घ्यायची नाही, म्हणून पाळी नेहमीसारखी आली नसेल, नुसते डाग दिसले असतील तर सुरू करायच्या आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा.

क्लोमिफेन उलट बरेच दिवस शरीरात रेंगाळतं आणि इस्ट्रोजेन अडवण्याचं काम ते गर्भाशयाच्या अस्तरावरही करतं, त्यामुळे काहीजणींचं फॉलिकल छान वाढतं पण अस्तर पातळ राहतं. माझं नेमकं हेच. सोनोग्राफीवाल्या मॅडम म्हणायच्या फॉलिकल वीस, मी खूश, आणि खालच्या ओळीत ईटी, म्हणजे अस्तराची जाडी, साडेपाच लिहिलेलं असायचं ते मला वाचताच येत नव्हतं. साधारण सातच्या वर ईटी असली की डॉक्टरांना बरं वाटतं. म्हणून रिपोर्टवर दोन आकडे बघायचे, फॉलिकल किती एमएम आणि ईटी किती एमएम. दोन-तीन सायकल ईटी पातळच येत असेल तर "गोळी बदलायची का?" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. क्लोमिफेनने गरम वाफा येतात, चिडचिड होते, डोळ्यांपुढे अंधुक दिसलं किंवा चमकल्यासारखं झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी फोन करायचा. आणि सहा सायकलच्या पुढे तेच ते चालू ठेवायला साधारणपणे कोणी सांगत नाही. लेट्रोझोलने मला थकवा आणि डोकेदुखी, बस.

इंजेक्शनं घ्यायची ठरली तर

इथे औषधाइतकीच सोय बघावी लागते. रोज ठरलेल्या वेळी पोटात टोचायचं, बेंबीपासून दोन बोटं सोडून, आज डावीकडे उद्या उजवीकडे. काही इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, फ्रिजमध्ये म्हणजे फ्रीझरमध्ये नाही, गोठलं की फेकून द्यायचं. मी दुधाच्या पिशव्यांच्या मागे स्टीलच्या डब्यात ठेवायचे, आणि घरात लाइट गेले की डब्याभोवती ओला पंचा. गावाकडून येणाऱ्या मुलींनी हे आधीच विचारून घ्यावं की माझं इंजेक्शन बाहेर किती दिवस चालतं, प्रत्येकाचं वेगळं असतं.

खर्च म्हणाल तर गोळ्यांचा शेकड्यांत, इंजेक्शनांचा हजारांत आणि आयव्हीएफचा (टेस्ट ट्यूब बेबीचा) लाखांत. पण गोळीच्या सायकलमध्येही सोनोग्राफी, ट्रिगर, आययूआय, येण्या-जाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी किंवा रजा हे सगळं धरा आणि मग ते एका सायकलचं न काढता तीन सायकलचं काढा, कारण पहिल्याच फटक्यात होईल असं धरून चालत नाही.

एचएमजी हे पाळी थांबलेल्या बायकांच्या लघवीतून काढतात हे कळल्यावर मला आधी कसंतरीच झालं, मग वाचलं की सुरुवातीला इटलीतल्या वृद्ध नन्सनी त्यासाठी लघवी दिली होती आणि त्यातून कितीतरी घरांत पाळणे हलले. कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्ये भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळासाठी हेच एचएमजी वापरलं होतं, इंग्लंडमध्ये त्याच वर्षी झालेलं बाळ मात्र औषधाशिवायच्या नैसर्गिक सायकलमधलं होतं. लॅबमध्ये तयार केलेलं एफएसएच महाग असतं, पण महाग म्हणजे बाळ व्हायची शक्यता जास्त असं काही नाही, दोन्हींचा निकाल साधारण सारखाच येतो, तेव्हा परवडत नसेल तर मोकळेपणाने सांगा.

पीसीओडी असेल तर इंजेक्शनला अंडाशय जास्तच जोरात उत्तर देतं. अशा वेळी डोस अगदी कमीपासून सुरू करतात आणि सोनोग्राफी चुकवायची नसते. तीन-चार मोठी फॉलिकल दिसली तर चांगले डॉक्टर ट्रिगर देत नाहीत, त्या महिन्यात संबंधही टाळायला सांगतात. जीव तुटतो, पैसे गेले वाटतं, पण ते तुमच्या भल्याचंच असतं. ओएचएसएस नावाचा त्रास (अंडाशयाने औषधाला जास्तच उत्तर दिलं की होणारा) ओळखायला शिका, पोट ढोलासारखं फुगतं, दिवसात एक किलोच्या वर वजन वाढतं, लघवी कमी होते, उलट्या, दम लागतो. रोज सकाळी वजन करून वहीत लिहा आणि यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. आयव्हीएफमध्ये हा धोका असलेल्यांना एचसीजीच्या ऐवजी दुसऱ्या प्रकारचा ट्रिगर देता येतो, हे आधीच विचारून ठेवा.

पाळी रेग्युलर करायच्या गोळ्या म्हणजे ही ट्रीटमेंट नव्हे

हा घोळ फार आहे. पीसीओडीला ज्या २१ दिवसांच्या गोळ्या देतात त्या गर्भनिरोधक असतात, त्यांनी पिंपल्स, चेहऱ्यावरचे केस कमी होतात, अस्तर नको तेवढं जाड होत नाही, आणि महिन्याला जो रक्तस्राव होतो तो गोळी थांबवल्यामुळे होतो, अंडं तयार झाल्यामुळे नाही. "वर्षभर पाळी वेळेवर येतेय मग दिवस का राहत नाहीत" असं मला एका मुलीने विचारलेलं आणि ती अख्खं वर्ष हीच गोळी घेत होती! मूल हवं असेल तर या गोळ्या बंद करून दुसरी दिशा, आत्ता नको असेल तर याच गोळ्या उत्तम, त्यांनी पुढे वंध्यत्व येत नाही. पाळी तीन-तीन महिने येतच नसेल तर मूल हवं असो वा नसो, अस्तरासाठी उपचार घ्यायलाच हवा. अर्धशिशीत डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या रेषा दिसत असतील, बीपी असेल, पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ झालेली असेल, पस्तिशीनंतर तंबाखू किंवा सिगारेट असेल तर हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय इस्ट्रोजेन असलेली गोळी सुरू करू नका.

आणि पुरुषांचं एक. जिममध्ये बॉडी करायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणारी मुलं वाढलीत, त्यांना वाटतं पुरुषाचं हार्मोन घेतलं म्हणजे ताकद वाढेल. होतं उलटं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वृषणांना निरोप पाठवणं बंद करतो आणि शुक्राणू शून्यावरही जाऊ शकतात. बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात पण कित्येक महिने लागतात. बायकोला इंजेक्शनं सुरू करायच्या आधी नवऱ्याला हे एकांतात, न रागावता विचारा.

वहीचं पान कसं आखायचं

एका पानावर एक पर्याय. वर आपलं निदान, मग हे औषध का, किती सायकल करून बघायचं आणि नाही झालं तर पुढे काय, माझ्या वयाच्या आणि माझ्यासारख्या निदानाच्या बाईला बाळ घरी यायची शक्यता किती. "पॉझिटिव्ह किती" आणि "बाळ किती" हे दोन वेगळे आकडे आहेत, जाहिरातीत बहुतेक पहिला असतो, तुम्ही दुसरा विचारा. मग जुळ्यांचा धोका, सोनोग्राफीच्या फेऱ्या किती, तीन सायकलचा खर्च, आणि त्रास झाला तर रात्री फोन कोणाला करायचा. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून मग डॉक्टर, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत, आणि चाळिशीजवळ असाल तर गोळ्यांवर वर्ष घालवू नका, आयव्हीएफचं पान आधीच उघडा. आयव्हीएफसाठी २०२१ च्या कायद्याने बायकांना २१ ते ५० आणि पुरुषांना २१ ते ५५ अशी वयाची मर्यादाही आहे.

शेवटचे चौदा दिवस, म्हणजे अंडं बाहेर पडल्यापासून टेस्टपर्यंतचे. प्रोजेस्टेरॉन योनीत ठेवायच्या कॅप्सूलच्या रूपात येतं, कमरेत टोचायच्या तेलातल्या इंजेक्शनच्या रूपात येतं (गाठी येतात, शेक द्या), आणि डायड्रोजेस्टेरॉनची तोंडाने घ्यायची गोळीही असते. आयव्हीएफमध्ये हे लागतंच, साध्या गोळ्यांच्या सायकलमध्ये प्रत्येकीला लागेलच असं नाही, म्हणून विचारून घ्या. यानेही छाती दुखते, पोट फुगतं, पाळी पुढे जाते, म्हणजे दिवस राहिल्यासारखीच लक्षणं, त्यावरून काही ठरवू नका. आणि ट्रिगर घेतल्यावर लगेच घरी पट्टीवर टेस्ट करू नका, पट्टीला जे एचसीजी सापडतं तेच ट्रिगरमध्ये असतं, ते दहा ते चौदा दिवस अंगात राहू शकतं. मी नवव्या दिवशी केली, दोन रेघा आल्या, आईला फोन केला, तिने देवापुढे साखर ठेवली, आणि पाच दिवसांनी रक्तातलं बीटा (एचसीजीची रक्ताची टेस्ट) निगेटिव्ह. डॉक्टरांनी जो दिवस दिलाय त्याच दिवशी रक्ताची टेस्ट करा, पॉझिटिव्ह आली तर ४८ तासांनी परत करून आकडा वाढतोय ना बघा, आणि मधे थोडे डाग दिसले तरी प्रोजेस्टेरॉन आपल्या मनाने बंद करू नका, आधी फोन करा.